मेलेलं ढोर सोडलं, जितं ढोर कुठं आहे?

"बाबासाहेबांनी ढोरं सोडायला सांगितलं होतं ना? मग आपण पुन्हा गोठ्यात कशाला आलो?"

हा प्रश्न आमच्या पुतण्यानं विचारला. गेल्या शनिवारी, सकाळी आठ वाजता, उमरेड तालुक्यातल्या आमच्या गावी. हातात टोपलं होतं, समोर शेण होतं आणि तो ते उचलायला तयार नव्हता. पोरगा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. वाचतो. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत पुढे असतो, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या स्टॉलवर दोन-दोन दिवस उभा राहतो. त्याचा प्रश्न आळसाचा नव्हता, तत्त्वाचा होता. म्हणूनच त्याचं उत्तर नीट द्यायला हवं. आपल्या अनेक तरुणांच्या मनात हाच प्रश्न आहे. ते विचारत नाहीत एवढंच, कारण त्यांच्यावर गोठ्यात जायची वेळच येत नाही.

आम्ही राहतो नागपुरात, इंदोऱ्यात. गावी मोठेबाबा आणि मोठी आई आहेत. मोठेबाबा पंचाहत्तरीला आले. तीन एकर वावर, एक बैलजोडी, एक गाय, तिची कालवड आणि दावणीच्या टोकाला बांधलेला म्हातारा चांद्या, एवढा त्यांचा संसार. लाळ्या-खुरकूतची लस द्यायला पशुवैद्यकीय दवाखान्याची माणसं शनिवारी गावात येणार होती. मोठेबाबांचा गुडघा धरलेला, बैल आवरणं आता त्यांना होत नाही. त्यांनी फोन केला, "पोट्टे घेऊन या दोन दिवस." सोयाबीन निघून गेलं होतं, तूर फुलावर होती, कापसाची पहिली वेचणी आटोपली होती. आम्ही लहानमोठे सात जण शुक्रवारी संध्याकाळच्या एसटीनं गावी पोचलो.

आमच्या पोरांनी बैल पाहिला तो बहुतेक तान्ह्या पोळ्याला, लाकडाचा आणि चाकावरचा. जित्या बैलाची मान किती जड असते आणि तो रागावला की नाकातून कसा फुस्कारतो, हे त्यांना शनिवारी कळलं.

पुतण्याच्या प्रश्नावर मोठेबाबा खाटेवर बसून हसले. म्हणाले, "बाबासायबानं मेलेलं वढू नका म्हटलं. जितं पोसू नका असं कुठं म्हटलं? दाखव मले, कोनत्या खंडात हाये?"

पुतण्याला उत्तर देता आलं नाही. खरं सांगायचं तर आम्हालाही लगेच देता आलं नसतं. दोन दिवस गोठ्यात काम करता करता, रात्री अंगणात बसून जे बोलणं झालं, ते इथे मांडतो आहोत.

आधी आपल्या आज्या-पणज्यांचं ढोराशी नातं काय होतं ते पाहू. गाय-बैल जिवंत असेपर्यंत पाटलाचा किंवा मालगुजाराचा. त्याचं दूध त्यांच्या घरात, त्याची नांगरट त्यांच्या वावरात, त्याचं खत त्यांच्या पिकाला. आपला माणूस त्यांच्याकडे सालदार असेल तर बैलाची देखभाल तोच करायचा. शेण उचलायला त्याचा हात चालायचा, दुधाच्या भांड्याला चालायचा नाही. आणि ज्या दिवशी ते ढोर मरायचं, त्या दिवशी ते अचानक आपलं व्हायचं. हाक यायची. भर पावसात, अर्ध्या रात्री, घरात कुणी आजारी असलं तरी. ते ओढून न्यायचं, सोलायचं, आणि पोटात आग असेल तर तेच खायचं. वर आपल्यालाच नाव ठेवायचं की हे लोक मेलेलं खातात.

नागपूर प्रांतात आपले अनेक लोक जाडंभरडं कापड विणायचे, काही जण शेती करायचे, हेही खरं. पण गावगाड्याच्या लेखी त्यांची ओळख ठरवली होती ती मेलेल्या जनावरानं.

मेलेलं ढोर ओढणं हा धंदा नव्हता. धंदा माणूस निवडतो, भाव ठरवतो, परवडत नसेल तर सोडतो. ही सक्ती होती. १९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृत मांस सोडा, उष्टं-शिळं मागणं सोडा, असं सांगितलं. १९२८ साली त्यांनी मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचं विधेयक मांडलं, कारण वतनाच्या नावाखाली माणूस चोवीस तास गावाचा वेठबिगार राहत होता. तिकडे वतनं रद्द व्हायला पुढे १९५८ चा कायदा यावा लागला. आपल्याकडे, जुन्या मध्य प्रांतात, व्यवस्था मालगुजारीची होती. ती १९५१ साली गेली. कायद्याचं नाव निराळं होतं, पण मेलेल्या ढोरासाठी येणारी हाक तीच होती.

धम्मदीक्षेच्या दुसऱ्या दिवशी, १५ ऑक्टोबर १९५६ ला, याच नागपुरात केलेल्या भाषणात बाबासाहेबांनी एक जुनी गोष्ट सांगितली. अस्पृश्यांनी मेलेली जनावरं ओढणं सोडलं तर कातडी, शिंगं, हाडं यांचं केवढं उत्पन्न बुडेल, असा हिशेब कुणीतरी 'केसरी'त मांडला होता. बाबासाहेबांचं म्हणणं साधं होतं: एवढा फायदा असेल तर ते काम तुम्हीच करा आणि फायदाही तुम्हीच घ्या. त्या उत्तरात हिशेबाला नकार नव्हता. हिशेब कुणी कुणासाठी मांडायचा, या अधिकाराला नकार होता.

आमचा आजा त्या दीक्षेला गावातून चालत आला होता. परत गेल्यावर त्यानं मालगुजाराच्या वाड्यावरचं ढोर ओढायला नकार दिला. त्या वर्षी त्याला गावात कुणी कामावर घेतलं नाही. आजी सांगायची, तो पावसाळा त्यांनी तरोट्याच्या भाजीवर काढला. मग धाकटा मुलगा, म्हणजे आमचे बाबा, मोठे झाल्यावर नागपूरला एम्प्रेस मिलमध्ये लागले. त्यांच्या पगारातून साठवलेल्या पैशांवर आज्यानं आधी दोन एकर आणि मागून एक एकर वावर घेतलं. पहिली बैलजोडी घेतली तेव्हा आजा रात्रभर गोठ्यातच झोपला, असं मोठेबाबा सांगतात. चोरीच्या भीतीनं नव्हे. त्याला विश्वासच बसत नव्हता.

म्हणून आमच्या घरात ढोर सोडणं आणि ढोर घेणं या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध कधीच नव्हत्या. आज्यानं दुसऱ्याचं मेलेलं सोडलं आणि स्वतःचं जितं घेतलं. पहिली पायरी नसती तर दुसरी आलीच नसती. प्रश्न एवढाच आहे की आपल्यापैकी किती जणांना ही दुसरी पायरी चढता आली?

आता शनिवारचं काम सांगतो.

दहाच्या सुमारास दवाखान्याचे दोघं आले. लशीच्या बाटल्या बर्फाच्या डब्यात. लस थंड राहिली नाही तर वाया जाते, म्हणून ते घाईत होते. बैलाची वेसण एकानं धरायची, दुसऱ्यानं शेपटीकडे उभं राहायचं पण लाथेच्या पल्ल्यात यायचं नाही, तिसऱ्यानं मानेवर हात फिरवत राहायचं. तेवढ्यात मानेच्या मांसात सुई. मोठ्या बैलानं पहिल्याच झटक्यात आमच्यातल्या दोघांना गव्हाणीवर नेऊन आदळलं. पुतण्या लांब उभा होता. वेसण सुटताना पाहून तोच धावला आणि त्यानं कासरा खांबाला गुंडाळला. शेण न उचलणारा हात बैलाला धरायला मात्र आपोआप पुढे आला.

लाळ्या-खुरकूत म्हणजे काय हे शहरातल्या मित्रांना माहीत नसेल. विषाणूचा रोग आहे. जनावराच्या तोंडात फोड येतात, लाळ गळते, खुरांच्या बेचक्यात जखमा होतात. गाय आटते, बैल लंगडा होतो. ज्याच्याकडे ट्रॅक्टर आहे त्याला बैल आठ-पंधरा दिवस बसला तर फरक पडत नाही. ज्याच्याकडे एकच जोडी आहे त्याची पेरणी जाते. केंद्र सरकारनं २०१९ पासून या रोगाविरुद्ध मोफत लसीकरणाचा कार्यक्रम घेतला आहे. लस फुकट मिळते, पण ती घ्यायला दावणीला जनावर असावं लागतं. हीच गोष्ट लम्पीच्या वेळी दिसली. २०२२ मध्ये लम्पीनं जनावरं मेली, तेव्हा राज्य सरकारनं दुधाळ गाईला ३० हजार, बैलाला २५ हजार आणि वासराला १६ हजार रुपये अशी मदत ठरवली. ती मदत मालकाला. त्याच गाईचं शेण काढणाऱ्या, तिला चारा टाकणाऱ्या मजुराची मजुरी बुडाली, तिचा कुठल्या कागदावर हिशेब नाही.

लसीनंतर कालवडीच्या कानाला टॅग मारायचा होता. पिवळा बिल्ला, त्यावर बारा आकडे. जनावराचा आधार क्रमांकच म्हणा. तो आकडा मोबाईलमध्ये भरताना परिचरानं विचारलं, "मालकाचं नाव?"

मोठेबाबा नाव सांगायला लागले, तोच स्वयंपाकघराच्या दारातून मोठी आई बोलली, "दूध मी काढतो, शेण मी काढतो, रात्री उठून पानी मी पाजतो. नाव मात्र ह्याईचं? माह्यं लिहा."

परिचर हसला. त्यानं मोठेबाबांकडे पाहिलं. मोठेबाबांनी थोडा वेळ घेतला, हे लपवत नाही. मग म्हणाले, "लिहा तिचंच. बराबर हाये तिचं." मोबाईल नंबर नातीचा दिला. कालवड मोठ्या आईच्या नावावर लागली. गाईची जुनी नोंदही तिच्या नावावर करून घेता येते का, ते तिनं लगेच विचारून घेतलं. स्त्रीच्या मालकीच्या हक्काला मंत्रिमंडळात धक्का लागला म्हणून ज्या माणसानं १९५१ साली मंत्रिपद सोडलं, त्याचा फोटो आमच्या घरात समोरच्या भिंतीवर आहे. पण घरातल्या गाईचा कागद बदलायला आम्हाला एवढी वर्षं लागली. हाही हिशेब आपण आपल्याच घरात मांडला पाहिजे.

रात्री मोठी आई सहज म्हणाली ते मात्र आमच्या मनातून जात नाही. ती म्हणाली, "माह्या सासऱ्याचं नाव वाड्यावरून घेत, तं समजायचं की ढोर मेलं. आज सरकारी मानसानं नाव इचारलं, ढोर जितं असून."

आमच्या घराच्या दोन पिढ्यांमधलं अंतर तिच्या या दोन वाक्यांत आहे. हाक मारणारा आणि नोंद विचारणारा, दोघांच्या तोंडी आपलंच नाव. पण एकात आपण वापरले जातो आणि दुसऱ्यात आपण मालक असतो.

रविवारी सकाळी या फरकाची परीक्षाच झाली. गावातल्या एका मोठ्या शेतकऱ्याची म्हैस रात्री मेली होती. ते स्वतः आले. बोलणं गोड होतं. "तुमच्याकडे पोरं आली म्हणे नागपूरवरून. जरा चार जण पाठवा, ट्रॅक्टरला बांधून काढून टाकू. चहापाण्याचं पाहू आपण." कुणी शिवी दिली नाही, जात काढली नाही. पण गावात एवढी घरं असताना ते सकाळी सहाला नेमके आमच्याच दारात का आले, हे त्यांनाही माहीत होतं आणि आम्हालाही.

मोठेबाबा खाटेवरून उठले नाहीत. म्हणाले, "भाऊ, ट्रॅक्टर तुमचा हाये, पोरंही तुमच्या घरी हायेत. खड्डा खनाले जेसीबी भेटते. नाही जमलं तं ग्रामपंचायतीले सांगा. आमचे पोट्टे आमच्या ढोरासाठी आले."

ते थोडा वेळ उभे राहिले आणि गेले. दुपारी जेसीबीचा आवाज आला.

पुतण्यानं विचारलं, "आणि आपली गाय मेली तर?" मोठेबाबांनी वावराच्या धुऱ्याकडे बोट दाखवलं. तिथे बाभळीखाली आमचा जुना बैल पुरला आहे. खड्डा त्यांनी आणि बाबांनी मिळून खणला होता. आपलं जनावर, आपल्या वावरात, आपल्या हातानं. त्यात कमीपणा नव्हता. कमीपणा कामात नसतो, ते काम तुमच्या कपाळावर जन्मानं मारण्यात असतो. पुतण्याच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे मिळालं.

उरलेलं अर्धं उत्तर जमिनीचं आहे, आणि ते जास्त कडू आहे.

आपण मृत मांस सोडलं, ओढणं सोडलं, गाव सोडलं, शिकलो, नोकऱ्या घेतल्या. हे सगळं बरोबर केलं. पण गावात राहिलेल्या आपल्या माणसांच्या दावणीला काय आलं? बाबासाहेबांचा विचार 'गाव सोडा' या दोन शब्दांत संपवणाऱ्यांनी दोन कागद पुन्हा वाचावेत. पहिला, जुलै १९४२ मधल्या नागपूरच्या परिषदेचे ठराव. शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनचा पाया घालणाऱ्या याच परिषदेनं अस्पृश्यांसाठी स्वतंत्र गावं आणि त्यासाठी सरकारी जमीन मागितली होती. दुसरा, १९४७ चं 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'. त्यात शेती हा राज्याचा उद्योग असावा, जमीन जातपात न पाहता गावकऱ्यांना कसायला द्यावी, असं ते मांडतात. पुढे ते राज्याची जबाबदारी मोजून सांगतात: पाणी, अवजारं, खत, बियाणं आणि ओढकामाची जनावरं. घटनेत घालायच्या मसुद्यात हा माणूस बैल विसरला नाही. नुसता सातबारा हातात आला म्हणजे शेती होत नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

ही मागणी कागदावर राहिली नाही. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४ च्या डिसेंबरात भूमिहीनांचा सत्याग्रह उभा केला. गावोगावची माणसं, बायाबापड्या लेकरांसह तुरुंगात गेल्या. त्या रेट्यातून आणि पुढच्या चळवळींतून काही पदरात पडलं. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयानं १९७८ ते १९९० या काळातली मागासवर्गीय भूमिहीनांची गायरानावरची शेतीसाठीची अतिक्रमणं नियमित करायचं ठरवलं. किती फाईली अजून तहसीलमध्ये धूळ खात आहेत, हे ज्यांनी खेटे घातले त्यांना विचारा.

२००४ पासून दादासाहेबांच्याच नावानं सबलीकरण व स्वाभिमान योजना आहे. दारिद्र्यरेषेखालच्या भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत. २०१८ पासून शंभर टक्के अनुदानावर. विधवा, परित्यक्ता आणि अत्याचारग्रस्तांना आधी. ऐकायला उत्तम. पण तेव्हा ठरलेली मर्यादा जिरायत एकरी ५ लाख आणि बागायत एकरी ८ लाख. नागपूरच्या आसपास या भावात वावर विकायला कोण तयार होतो? आणि वावर मिळालंच, तर ते नांगरायचं कशानं? योजना जमीन देते, बैलजोडी देत नाही. १९४७ ला बाबासाहेबांनी जे एका ओळीत जोडलं होतं, ते सरकारनं तोडून ठेवलं.

गायरानाचा प्रश्न तर आम्हाला आमच्याच घरात टोचतो. मोठ्या आईची गाय चरणार कुठे? गावाच्या गायरानाचा तुकडा आपल्याच भूमिहीन भावांनी कसला आहे, दुसरा एका पुढाऱ्याच्या कुंपणात गेला आहे. २०२२ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर गायरानं मोकळी करायच्या नोटिसा राज्यभर निघाल्या, तेव्हा आमच्या गावात त्या कुणाच्या दारावर आधी लागल्या ते सांगायची गरज नाही. ज्याच्याकडे गाय आहे त्याला गायरान हवं, ज्याच्याकडे काहीच नाही त्यालाही हवं, आणि दोघंही आपलेच. त्यांना एकमेकांसमोर उभं करणं सोपं आहे. म्हणून हे लक्षात ठेवा: सार्वजनिक जमिनींवरची अतिक्रमणं हटवा सांगणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या २८ जानेवारी २०११ च्या जगपाल सिंग निकालातच अपवाद नोंदलेला आहे. शासनाच्या अधिसूचनेनुसार भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना पट्टा दिला असेल, तर तिथे नियमितीकरणाचा विचार होऊ शकतो. निकालाचा पहिला अर्धा भाग तलाठी वाचून दाखवतो. दुसरा अर्धा आपल्याला वाचता आला पाहिजे. आणि कुंपणातल्या गायरानाचं काय, हे ग्रामसभेत उठून आपण विचारलं पाहिजे.

जमीन असणं म्हणजे सुरक्षित असणं, असंही कुणी समजू नये. खैरलांजी इथून लांब नाही. २९ सप्टेंबर २००६ ला भोतमांगे कुटुंबातल्या चौघांना मारलं गेलं, त्यामागे जमिनीचा, वावरातून जाणाऱ्या रस्त्याचा वादही होता. मेलेलं ढोर ओढणारा माणूस गावाला चालतो. ताठ मानेनं स्वतःचं वावर कसणारा खुपतो. म्हणून ही लढाई गावात राहिलेल्या एकट्या कुटुंबावर सोडून चालणार नाही.

आता चांद्याबद्दल. कपाळावर पांढरा ठिपका म्हणून चांद्या. वय झालं, दात गेले, जू मानेवर घेत नाही. मोठेबाबांचा त्याच्यावर जीव आहे आणि ते त्याला विकणार नाहीत, ही त्यांची मर्जी. पण कायद्यानं मर्जीला जागाच ठेवलेली नाही. राज्याच्या १९७६ च्या कायद्यात गाईच्या कत्तलीला बंदी होती. निकामी बैल दाखला घेऊन देता यायचा. २०१५ च्या दुरुस्तीनं बैल-वळूही बंदीत आले, शिक्षा पाच वर्षांपर्यंत. ६ मे २०१६ ला उच्च न्यायालयानं राज्याबाहेरून आलेलं मांस जवळ बाळगण्याचा गुन्हा रद्द केला, पण बंदी कायम ठेवली. लहान शेतकरी पूर्वी म्हातारा बैल विकून त्यात भर घालायचा आणि नवा गोऱ्हा घ्यायचा. ती साखळी तुटली. कुटार, ढेप आणि पाणी याच्या अंगावर, पुण्य मात्र भलत्याच्याच खात्यात. वर, रीतसर बाजारातून जनावर नेतानाही रस्त्यावर गाडी अडवणारे वेगळेच.

सुत्तनिपातातल्या ब्राह्मणधम्मिक सुत्तात गाईंना अन्न आणि बळ देणाऱ्या, आईबापांसारख्या सोयऱ्या म्हटलं आहे, आणि यज्ञात त्यांचा बळी देणाऱ्यांवर टीका आहे. ती करुणा आपली आहे. मोठेबाबा पोळ्याला पूजा करत नाहीत. बैल धुतात, त्या दिवशी जू लावत नाहीत, पोटभर खाऊ घालतात. राबणाऱ्याला एक दिवस सुट्टी, एवढाच त्यांचा पोळा. पण ज्यांची माया गाईला पोचते आणि गाई राखणाऱ्या माणसाला पोचत नाही, त्यांच्याकडून आपण करुणा शिकायची गरज नाही. जुलै २०१६ मध्ये गुजरातेत उना इथे मेलेली गाय सोलणाऱ्या आपल्या भावांना बांधून मारलं. नंतर तिथल्या लोकांनी मेलेली जनावरं उचलणं बंद केलं आणि अहमदाबाद ते उना मोर्चा काढून मागणी केली ती जमिनीची. गाईची शेपटी तुम्हीच धरा, आम्हाला आमची जमीन द्या, असा त्यांच्या घोषणेचा अर्थ होता. आमच्या आज्यानं जे नकळत केलं तेच त्यांनी जाहीरपणे मागितलं. मेलेलं सोडा आणि जितं मागा.

मग तरुण मित्रांनो, आपण करायचं काय? सगळ्यांनी नोकऱ्या सोडून गावी जा, असं आम्ही म्हणत नाही. आम्ही स्वतः रविवारच्या शेवटच्या गाडीनं परत आलो. पण चार गोष्टी होण्यासारख्या आहेत. आपल्या गावी कुणाचा सातबारा आहे, कुणाचा १९९१ च्या निर्णयाखालचा दावा पडून आहे, हे सुट्टीत बसून लिहून काढा. स्वाभिमान योजनेचा भाव वाढवा आणि जमिनीसोबत जोडी द्या, ही मागणी १४ एप्रिलच्या मंचावरून होऊ द्या. गावातल्या आपल्या बाईच्या नावावर गाय, शेळी, वावर काय आहे ते विचारा, आणि नसेल तर लावून घ्या. आणि सेमिनरी हिल्सवर १९५८ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, पशुविज्ञान विद्यापीठ याच शहरात आहे. आपली पोरं इंजिनिअरिंगचे फॉर्म भरतात, तिथलेही भरू द्या. ज्यांच्या पणज्याला मेलेल्या ढोरासाठी हाक यायची, त्यांच्या पोरीला जितं ढोर वाचवायला बोलावणं येऊ द्या.

रविवारी दुपारी निघण्याआधी गोठा झाडायचा होता. पुतण्यानं टोपलं उचललं. काही बोलला नाही, आम्हीही विचारलं नाही. खताच्या खड्ड्यावर तीन खेपा टाकल्या. चौथ्या खेपेला मोठ्या आईनं त्याला थांबवलं आणि म्हणाली, "एवढं दूर कायले नेतं? वांग्याच्या वाफ्यात टाक. आपलंच हाये."

एसटीत त्याच्या हाताला शेणाचा वास येत होता. त्यानं दोनदा हुंगून पाहिला आणि आम्हाला विचारलं, "आपल्या गावात किती जणांकडे बैलजोडी आहे?"

आम्ही मोजायला लागलो. आमच्या वस्तीतली घरं दोन्ही हातांच्या बोटांत मावत नाहीत. बैलजोड्या एका हाताच्या बोटांतच संपल्या.

जय भीम!